वरचे चाराणे

आमच्या ले-आउटमधल्या बावीस घरांना बचतीचा गुरुमंत्र देणारा माणूस म्हणजे मी, दत्तोपंत! एवढं वाक्य मी आजही ताठ मानेनं म्हणतो. पुढची गोष्ट सांगताना मात्र मान आपोआप खाली जाते. पण मी पडलो कीर्तनवेडा माणूस. गेली तीस वर्षं नागपुरात कुठेही झांज वाजली की माझी सायकल तिकडे वळते. कीर्तनातून एक गोष्ट शिकलो, आपली फजिती आपणच सांगावी. दुसरा सांगतो तेव्हा तिखटमीठ लावतो. मी नुसतं मीठ लावणार आहे.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास आमच्या चौकात एका बँकेची नवी शाखा निघाली. मॅनेजर मधुकरराव म्हणजे जिभेवर खडीसाखर ठेवूनच घराबाहेर पडणारा गृहस्थ. एका रविवारी आमच्या ओसरीवर बसून त्यांनी चहा घेतला, चिवडा घेतला, पुन्हा चहा घेतला आणि मग पिशवीतून एक पोलादी डबा काढला. दिसायला थेट कासव! पाठीवर एक फट आणि पोटाला कुलूप.

"दत्तोपंत, ही आमची पुरा रुपया योजना! समजा, तुम्ही साबण घेतला एक रुपया तीस पैशांचा. तुम्ही मनाशी म्हणायचं, दोन रुपये गेले. मधले सत्तर पैसे या डब्यात टाकायचे. कुठलाही खर्च असो, पुढच्या पुऱ्या रुपयावर न्यायचा आणि वरची चिल्लर इथे! गेलेले पैसे कळत नाहीत, साठलेले मात्र कळतात!"

"आणि किल्ली?" माझ्या सौभाग्यवतीनं, सुमतीनं आतून विचारलं. ती स्वयंपाकघरात असली तरी तिचे कान ओसरीवरच असतात.

"किल्ली बँकेत, वहिनी. महिन्यातून एकदा डबा घेऊन यायचं. आम्ही उघडू, मोजू, खात्यावर चढवू. वर व्याज!"

"म्हणजे पैसे आमचे आणि किल्ली तुमची?"

"किल्ली हाताशी असली की हात वळवळतात, वहिनी!"

मला तर हे इतकं पटलं, की डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी राहिलं! मन आपलं, पण किल्ली सद्गुरूंच्या हाती, हे आम्ही आयुष्यभर पूर्वरंगात ऐकत आलो. आता ते पोलादात घडवून कुणी घरी आणून देतंय म्हटल्यावर नाही कोण म्हणेल?

आणि मला त्या वेळी पैशाची काळजीही होती. स्वतःसाठी नव्हे, बुवांसाठी.

विश्वनाथबुवा मौद्याचे. दर चैत्रात एस. टी. नं येऊन आमच्या राममंदिरात नऊ दिवस कीर्तन करायचे. आवाज असा, की पहिला सूर लागला की समोरच्या नळावरच्या बायकाही भांडण थांबवत. पण गेल्या चैत्रात त्यांनी मला आशीर्वाद द्यायला हात उचलला आणि ठेवला तबल्यावर! दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. धंतोलीतल्या डॉक्टरांनी सांगितलं, "उजवा आधी काढू. पुढच्या चैत्रापर्यंत थांबलात तर चालेल. त्यापुढे फार पिकला आणि फुटला, तर दिसणं कायमचं गेलं." खर्च दीडशे रुपये. बुवांकडे एक टाळांची जोडी, दोन उपरणी आणि अपार नामस्मरण. दीडशे रुपये कुठून येणार?

उत्सव समितीचा चिटणीस या नात्यानं मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "बुवा, येत्या रामनवमीचं आरतीचं ताट तुमच्या डोळ्यांचं! रोज वीस रुपये कुठे गेले नाहीत. नऊ दिवसांचे एकशेऐंशी!"

बुवा म्हणाले, "तुम्ही म्हणता ना? मग मला आत्ताच निम्मं दिसायला लागलं."

मी म्हटलं, आपण बचत करू, लोकांना बचत करायला लावू, म्हणजे चैत्रात सगळ्यांचे हात सैल होतील. हिशेब कसा अगदी सरळ होता!

कासव आमच्या फडताळात जाऊन बसलं आणि मी कामाला लागलो. काय सांगू त्या बचतीचा आनंद! दोन रुपये पंधरा पैशांचं तेल घेतलं की पंच्याऐंशी पैसे डब्यात. खण्ण! पुढे पुढे मला असा शोध लागला, की वस्तू रुपयाच्या जरा वर असली की बचत भरघोस होते. एक रुपया पाच पैशांना कंगवा मिळतो. म्हणजे एका कंगव्यामागे पंच्याण्णव पैशांची बचत! महिन्याभरात घरात पाच कंगवे झाले. माझ्या डोक्यावर केस किती, ते मात्र विचारू नका!

एके दिवशी सुमतीनं पाच पैशांची कोथिंबीर आणली. मी ताबडतोब पंच्याण्णव पैसे काढून डब्यात टाकले.

"अहो, ही कोथिंबीर रुपयाला पडली!"

"पडली नाही, वाचली! पंच्याण्णव पैसे वाचले!"

"मग दिवसातून दहा वेळा कोथिंबीर आणते. बंगला बांधू!"

अशा बोलण्यानं मी खचणारा नव्हे. भजनाच्या मंडळात, नळावर, कचेरीत, जिथे माणूस सापडेल तिथे मी त्याला पुरा रुपया समजावून दिला. संक्रांतीपर्यंत आमच्या ले-आउटमध्ये बावीस कासवं झाली. मधुकररावांनी बँकेत बोलावून माझ्या गळ्यात हार घातला.

फक्त एका ठिकाणी माझी मात्रा चालली नाही. चौकातल्या, देवळासमोरच्या कडुलिंबाखाली बायजाबाई भाजी आणि संत्री घेऊन बसते. तिला मी स्वतः कासव दाखवायला गेलो.

"बायजाबाई, तुम्हीही एक घ्या!"

"कायले जी?"

"बचत होते."

"माह्या घरी मडकं आहे. थे बचतच करून राहिलं."

"मडकं व्याज देत नाही!"

"अन् या डब्याची किल्ली कोनापाशी?"

"बँकेत."

"मंग डबा बँकेचाच झाला जी! तुमाले फक्त वज्जन उचलाचं!"

शेजारी मेथी निवडत उभ्या असलेल्या बायका हसल्या. मी मनात म्हटलं, अज्ञान! पण पाव किलो संत्री घेतली. एक रुपया दहा पैसे. नव्वद पैशांची बचत!

माघ लागला आणि ले-आउटमध्ये एक विचित्र साथ आली. कुणाकडेच सुटे नाहीत! दूधवाल्याकडे नाहीत, रिक्षावाल्याकडे नाहीत. दादाजी किराणावाल्याकडे तर औषधाला नाहीत.

"दत्तोपंत, चाराणे नाही जी. हे लिमलेटच्या गोळ्या घ्या."

"दादाजी, मला दात चार!"

"तर चघळा. चावाले कोन सांगून राहिलं?"

दादाजी सुटे आणायला जरीपटक्याच्या बाजारापर्यंत जाऊन आला. तिथेही चिल्लर नाही. येताना लिमलेटचं पोतं घेऊन आला. फाल्गुनात गोळ्याही संपल्या. मग त्यानं तपकिरी कागदाचे चिठोरे कापले, त्यावर रबरी शिक्का मारला, 'चार आणे, दादाजी किराणा', आणि तेच सुट्यांच्या जागी द्यायला सुरुवात केली. चिठोरे तो हिंगाच्या रिकाम्या डब्यात ठेवायचा. त्यामुळे आमच्या ले-आउटमधल्या प्रत्येक पुरुषाच्या खिशाला फोडणीचा वास येऊ लागला!

उत्सव समितीच्या बैठकीत मी कडाडलो. "हे साठेबाजांचं काम आहे! कुणीतरी चिल्लर दडवून बसलंय! अशा माणसाला रामराया कधी क्षमा करणार नाही!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दादाजी म्हणाला, "बरोबर आहे! पन साठवून कोन राहिलं, थेच तर समजून नाही राहिलं!"

टाळ्या वाजवणाऱ्यांच्या आणि माझ्या घरी मिळून बावीस कासवं होती. कुणाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही! मी घरी येऊन तेच भाषण सुमतीला पुन्हा म्हणून दाखवलं. तिनं फडताळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पोळी तव्यावर जरा जास्तच जोरात टाकली.

चैत्र शुद्ध प्रतिपदेला बुवा आले. नातवाच्या खांद्यावर हात ठेवून पायरी चाचपत आले. संध्याकाळी पाचला उभे राहिले आणि दीड तास असं कीर्तन केलं, की मी दोन वेळा उपरण्यानं डोळे पुसले. मग आरती झाली आणि मी स्वतः ताट घेऊन फिरायला निघालो.

आता इथे आपल्या लोकांची एक रीत सांगायला हवी. देवापुढे पुरा रुपया ठेवायचा नाही. सव्वा रुपया! सव्वादोन! फारच मोठा माणूस असेल तर सव्वापाच! वरचे चाराणे असल्याशिवाय दान शुभ होत नाही. ते वरचे चाराणे म्हणजे 'संपलं नाही, पुढेही देऊ' असं देवाला दिलेलं वचनच.

ताट पहिल्याच रांगेत इंदुताईंपुढे गेलं. इंदुताई म्हणजे आमच्या शेजारच्या, वय सत्तर, धर्मशास्त्र तोंडपाठ. त्यांनी कनवटीची रुपयाची नोट काढली, वर ठेवायला चाराणे चाचपले. नाहीत! ताटातून सुटे उचलावेत म्हणून आत पाहिलं. ताट कोरडं! त्यांनी नोट पुन्हा कनवटीला लावली आणि हात जोडले.

"इंदुताई, नुसता रुपया घाला की!"

"पुरा रुपया? अरे दत्तू, बुवांचा डोळा उघडायचाय की तेरावं घालायचंय?"

बस्स! हे वाक्य वाऱ्यासारखं पाठीमागे गेलं. ज्या हातांत नोटा होत्या ते सगळे हात नुसतेच जोडले गेले. माझ्या स्वतःच्या खिशात दोनची नोट होती. मी चिटणीस! पण वरचे चाराणे मलाही सापडेनात. आणि डोळ्यांसारख्या नाजूक कामाला अशुभ दान कसं करावं? मीही नमस्कार केला!

मागच्या रांगांनी मात्र युक्ती काढली. दादाजीचे चिठोरे चार आण्यांचेच होते ना? लोकांनी तेच ताटात टाकले. पोरांनी लिमलेटच्या गोळ्या टाकल्या. त्या दिवशी ताटात दहा पैशांची तीन नाणी, एकोणतीस चिठोरे आणि सोळा गोळ्या जमल्या.

मी ताट बुवांपुढे ठेवलं. त्यांनी बोटं फिरवली. कागद लागला. आणखी कागद लागला. त्यांचा चेहरा उजळला.

"दत्तोपंत, इतक्या नोटा?"

माझ्या उत्तराची वाट न बघता बुवा उठले आणि मंडपाकडे वळून म्हणाले, "श्रोतेहो, तीस वर्षं कीर्तन करतोय, पण नाण्यांऐवजी नोटांनी भरलेलं ताट पहिल्यांदा पाहिलं! पाहिलं कुठलं, चाचपलं. आता पाहीनही. तुमचं ऋण मी कसं फेडू?"

शंभर माणसं मान खाली घालून चपला शोधू लागली. इतक्या एकाग्रतेनं चपला कुणी शोधल्या नसतील!

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी बुवा सकाळी धंतोलीत जाऊन आले आणि आनंदानं सांगू लागले, "दत्तोपंत, डॉक्टरांना तारीख देऊन आलो! नवमी झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हटलं, पैशाची सोय रामरायानं केली."

माझ्या पोटात गोळा आला. तोही लिमलेटचा!

त्या संध्याकाळी बुवांनी आख्यानात दृष्टांत दिला. एका शेठजीनं साखरेच्या डब्याला कुलूप लावलं आणि सुरक्षित राहावी म्हणून किल्ली मुंग्यांकडे ठेवायला दिली. सगळा मंडप हसला. मीही हसलो. हसता हसता बायकांच्या रांगेकडे लक्ष गेलं. सुमती हसत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. आणि तेव्हा, पाचशे कंदील एकदम पेटावेत तसा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. साठेबाज मीच! बावीस घरांतली चिल्लर सहा महिने गोळा करून बँकेत नेऊन ओतणारा मीच! रामरायानं कधी क्षमा करू नये असं ज्याच्याविषयी मी भर सभेत म्हटलं होतं, तो मीच!

दोन दिवस बँकेला सुट्टी आणि एक दिवस धीर गोळा करण्यात गेला. आठव्या दिवशी, दोन महिने बँकेत न नेलेलं कासव काखोटीला मारून मी बँकेत धावलो. मागोमाग सुमती.

"मधुकरराव, उघडा! मला सगळी चिल्लर परत हवी!"

त्यांनी हसतमुखानं किल्ली लावली, डबा कागदावर उपडा केला आणि मुंग्यांची एक पलटण टेबलावर संचलन करत निघाली. नाणी पडलीच नाहीत! पडला एक चिकट लाडू. लिमलेट वितळून त्यात चाराणे, दहा पैसे आणि हिंगाचे चिठोरे असे एकजीव झाले होते, की चिक्की म्हणून विकता आली असती.

"सुमती! हे काय?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना, दादाजी जे परत देईल ते डब्यात टाकायचं? परत गोळ्या दिल्या, गोळ्या टाकल्या. चिठ्ठ्या दिल्या, चिठ्ठ्या टाकल्या. मी काही मनानं केलं नाही बाई!"

मधुकररावांनी कोमट पाणी मागवलं. शिपायानं नाणी भिजवली, धुतली, पुसली. नऊ रुपये पंधरा पैसे निघाले.

"आता एवढे द्या."

"असे कसे देणार? आधी खात्यावर जमा. मग काढण्याची चिठ्ठी भरा." मी चिठ्ठी भरली. त्यांनी मला पाचाची एक आणि एकेकाच्या चार नोटा दिल्या.

"अहो, नोटा नकोत! चिल्लर द्या! आणि बाकीच्या एकवीस घरांची?"

"ती केव्हाच पोत्यांत भरून वरच्या कचेरीत गेली. चिल्लर इथे ठेवून आम्ही काय करणार? आणि दत्तोपंत, पंधरा पैसे खात्यातच राहतील. पैसे काढताना पुऱ्या रुपयातच काढायचे, असा नियम आहे."

मला त्या पुऱ्या रुपयाचा असा संताप आला! बँकेच्या पायरीवर मी डोकं धरून बसलो. सुमती शेजारी बसली. वाटलं, आता बोलणार. पण ती हळूच म्हणाली, "लोकांच्या खिशात नोटा आहेत हो. मनही आहे. अडलंय ते वरच्या चाराण्यांवाचून. चिल्लर आता अशा कुणाकडे असेल, ज्यानं डबा घेतलाच नाही?"

आम्ही दोघं एकदमच लिंबाकडे बघू लागलो.

नवमीच्या सकाळी मी बायजाबाईपुढे जाऊन उभा राहिलो. सहा महिन्यांपूर्वी कासव दाखवताना छाती किती फुगली होती! आज कासवासारखंच डोकं आत घ्यावंसं वाटत होतं. मी सगळं सांगितलं. डबे, चिठोरे, बुवांनी धरलेली तारीख, सगळं. एक शब्द लपवला नाही. ती गवारीच्या शेंगा मोडत ऐकत होती.

"बायजाबाई, तुम्ही आमच्या देवळात येत नाही हे मला ठाऊक आहे." छप्पन साली तिच्या घरच्यांनी इथेच नागपुरात बौद्ध धर्माची दीक्षा घेतलेली. तेव्हा कुठल्या तोंडानं तिला रामनवमीचं साकडं घालावं, हेच मला कळेना. "पण..."

"देवाचं तुमी पाहा जी," ती म्हणाली. "बुढ्याच्या डोयाचं मले सांगा. कोन्ता डॉक्टर? धंतोलीचाच ना, नाक्यावरचा?"

"हो."

"मंग चांगला आहे. माहा त्यानंच काढला परसाल. त्याच्या आंधी मी लिंबाले संत्रं समजून इकत होती!" आणि ती खदखदून हसली. "गिऱ्हाइकं बी अशे, घेऊन जात अन् मंग भांडाले येत! डोया नसन तर मानसानं काय कराव जी? बसा इथं. मडकं घेऊन येतो."

"नोटा देतो मोजून!"

"मोजूनच घेईन! फुकट थोडीच देऊन राहिली? रुपयाची नोट, रुपयाची चिल्लर. एक पैसा जास्त नाही, एक पैसा कमी नाही. बँकेवानी सुट्टी बी नाही!"

साडेदहा वाजता देवळासमोरच्या लिंबाखाली बायजाबाई मडकं घेऊन बसली. मी देवळाच्या दारात उभा राहून ओरडलो, "सुटे! सुटे! सव्वा करून घ्या!" बघता बघता अशी रांग लागली, की देवळात नवखा कुणी आला असता तर त्याला देव लिंबाखालीच आहे असं वाटलं असतं. इंदुताई काठी टेकत पहिल्या. "बायजे, मला चार चाराणे दे, आठ दिवसांचं राहिलंय!" दादाजी आला, मडक्यात डोकावला आणि म्हणाला, "मायबाई! माही सहा महिन्याची चिल्लर इथं?"

"तुही नाही गा, माही! तुह्या दुकानात मी कायले येऊ? तू तर कागदं देतं!"

दादाजी असा ओशाळला! त्यानं तिथल्या तिथे जाहीर केलं, की ताटात पडलेला प्रत्येक चिठोरा तो रोख घेईल. आणि घेतलाही!

बारा वाजले. पाळणा हलला, गुलाल उधळला, सुंठवडा वाटला आणि मी ताट घेऊन निघालो. इंदुताईंची पाचाची नोट आणि वर चाराणे. खण्ण! त्या पाठोपाठ सव्वा. खण्ण! सव्वादोन. खण्ण! सहा महिने मी ज्या आवाजावर भाळलो होतो, तो कासवाच्या पोटात काय वाजत होता आणि ताटात काय वाजत होता! मला दोन्ही हातांनी ताट पेलवेना. दारापाशी आलो तर बायजाबाई रस्त्यापलीकडून हात करत होती. मी ताट घेऊन तिच्यापर्यंत गेलो. तिनं ओच्यातून दोन रुपये काढून टाकले.

"बायजाबाई, वरचे चाराणे?"

"मी पुरेच देतो जी. माह्यात असं काई नाही." मग पदर खोचत म्हणाली, "डोया उघडू द्या. वरचं मंग देईन."

दोनशे रुपयांच्या वर जमले! ताट बुवांपुढे ठेवताना मला राहवलं नाही. मी पाय धरले आणि चिठोऱ्यांचं, बायजाबाईच्या मडक्याचं सगळं कबूल केलं.

बुवा हसले. "दत्तोपंत, डोळे गेले म्हणजे नाकही गेलं का? रिझर्व्ह बँक नोटांना हिंग लावत नाही एवढं मला कळतं!"

"तुम्हाला ठाऊक होतं? मग नोटा म्हणून आभार कशाला मानलेत? आणि डॉक्टरांना तारीख?"

"आभार आधी मानून ठेवले की माणसाला मागे फिरता येत नाही. तीस वर्षांत एवढं एक शिकलो," बुवा म्हणाले. "आणि तुम्ही मागे फिरला नाहीत. मला आणखी काय हवं?"

माणसानं चूक करावी तर अशा लोकांत करावी, एवढंच मनात येत होतं.

दुसऱ्या दिवशी मोतीबिंदू निघाला. आठ दिवसांनी पट्टी सोडायची म्हणून मी, सुमती आणि बायजाबाई धंतोलीला गेलो. डॉक्टरांनी पट्टी काढली, जाड भिंगांचा चष्मा चढवला. बुवा क्षणभर भिंतीकडे, खिडकीकडे, आपल्या तळव्यांकडे बघत राहिले. मग बायजाबाईकडे वळून त्यांनी दोन्ही हात जोडले.

"माउली, तुझ्या लुगड्याचा काठ हिरवा आहे."

"जुनं झालं जी थे," बायजाबाई म्हणाली आणि तिनं पदरानं आपलेच डोळे पुसले. मग कनवटीचे चाराणे काढून बुवांच्या तळहातावर ठेवले. बुवांनी ते डोळ्यांजवळ नेऊन वरची अक्षरं वाचली. मोठ्यानं वाचली! मला हुंदका आवरेना. मी चष्मा काढून डोळे पुसले, पुन्हा पुसले, तरी समोरचं धूसरच!

"इकडे या बघू," डॉक्टर मला म्हणाले. त्यांनी माझी मान वर केली आणि डोळ्यात बॅटरीचा झोत टाकला. "हे नुसतं पाणी नव्हे हो. तुम्हालाही मोतीबिंदू होतोय. वय?"

"त्रेपन्न."

"अजून कोवळा आहे. पिकायला दोन वर्षं लागतील. खर्च एकदम काढणं जड जातं, म्हणून आतापासूनच रोजच्या खर्चातली सुटी चिल्लर बाजूला टाकत जा."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सुमतीनं डॉक्टरांपुढे हात जोडले.

"डॉक्टरसाहेब, मीठ बंद करा, तेल बंद करा, कडक पथ्य सांगा! पण यांना तेवढं सोडून काहीही सांगा हो!"